रक्तातला आजार आणि लिथियमची गोळी

लिथियमची गोळी घेतल्यावर काही तासांत तिचा अंश रक्तात उतरतो आणि एकदोन दिवसांत मेंदूतही पोचतो. रोज ठरलेली मात्रा घेतली तर पाच ते सात दिवसांत रक्तातली पातळी स्थिरावते. औषध मेंदूत पोचले म्हणजे काम झाले, असे असते तर बायपोलर विकाराच्या रुग्णाला आठवड्याभरात उतार पडायला हवा होता. प्रत्यक्षात उन्मादाचा जोर ओसरायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि पुढचे झटके थोपवून धरण्याची जी लिथियमची खरी ताकद आहे, ती दिसायला कित्येक महिने जावे लागतात. रुग्ण, नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा या विलंबाकडे औषधाचा दुबळेपणा म्हणून पाहतात. मला मात्र वाटते, की या औषधाविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हा विलंबच सांगतो. लिथियम मेंदूच्या पेशींत शिरून त्यांच्या जनुकांचे काम हळूहळू बदलते. कोणते प्रथिन किती बनवायचे, याचे पेशीतले प्रमाण त्यामुळे सरकते, आणि नवी प्रथिने तयार होऊन पेशींची वागणूक बदलायला वेळ लागतो. हे एकदा नीट समजले, की आपल्याकडे या आजाराभोवती घट्ट बसलेले दोन समज टिकत नाहीत. आजार रक्तातच आहे, त्याला इलाज नाही, हा पहिला. बरे वाटले की गोळी सोडायला हरकत नाही, हा दुसरा.

पहिल्या समजाला आधार नाही असे नाही, म्हणूनच तो चिवट आहे. बायपोलर विकार घराण्यांतून चालत येतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांनी दाखवले आहे. 2025 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनात सुमारे 1 लाख 58 हजार रुग्णांच्या जनुकीय माहितीतून या आजाराशी संबंध असलेल्या 298 जागा सापडल्या. पण त्याच संशोधनाची दुसरी बाजू पाहा. या 298 जागांपैकी प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ आहे. आजार ओढवून आणणारे एकच एक जनुक असे काही हाती लागलेले नाही. एकाच बीजातून जन्मलेल्या, जनुकांनी सारख्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण ब्रिटन आणि फिनलंडमधील अभ्यासांत 40 टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे वारसा तंतोतंत तोच असूनही निम्म्याहून अधिक जुळ्या भावंडांना आजार झालेला नव्हता. पेटीच्या सगळ्या पट्ट्या जागच्या जागी असतात, सूर कोणता निघेल हे कोणत्या पट्ट्या दाबल्या जातात त्यावर ठरते. जनुकांचेही तसेच आहे. प्रत्येक पेशीत ती सगळी हजर असली, तरी एका वेळी त्यांतली काहीच बोलती असतात. स्थळ पाहताना ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ असे कुजबुजून एखाद्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडणारे लोक वारसा आणि त्याची क्रियाशीलता या दोन गोष्टी एक समजतात. वारसा बदलता येत नाही. क्रियाशीलता बदलता येते, आणि साधे क्षार असलेले एक औषध ती बदलते, याचा पुरावा गेल्या तीन दशकांत जमा होत गेला आहे.

हा पुरावा थोडा तपशिलात सांगायला हवा, कारण ‘जनुकांवर परिणाम होतो’ एवढ्याने वाचकाच्या मनात भीतीच उभी राहील. लिथियम डीएनएच्या अक्षरांना हात लावत नाही. लिथियमचा आयन मॅग्नेशियमच्या आयनाशी इतका मिळताजुळता आहे, की काही एन्झाइममध्ये तो मॅग्नेशियमची जागा अडवतो आणि त्या एन्झाइमचे काम मंदावते. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जीएसके-3. पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन या शास्त्रज्ञांनी हा संबंध 1996 साली दाखवला, आणि तोही मानसोपचाराच्या वाटेने नव्हे. बेडकाच्या भ्रूणाला ठरावीक वेळी लिथियम दिले तर त्याच्या शरीराची घडणच बदलते, पाठीकडचा भाग वाजवीपेक्षा जास्त वाढतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. ते का होते याचा शोध घेताना जीएसके-3 हाती लागले. हे एन्झाइम एरवी बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनावर खूण करून त्याचा नाश घडवते. लिथियमने एन्झाइमला आवर घातला की हे प्रथिन साचते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि तिथे जनुकांचा एक मोठा गट जागा करते. मेंदूतही हाच मार्ग आहे. शरीराचे घड्याळ चालवणाऱ्या जनुकांपर्यंतही लिथियमचा हात पोचतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवले, की रेव्ह-एर्ब अल्फा या प्रथिनाला जीएसके-3 टिकवून धरते आणि लिथियम दिले की ते प्रथिन नाश पावून घड्याळाची दडपलेली जनुके मोकळी होतात. उन्मादाच्या झटक्याआधी रुग्णाची झोप उडते, हे जाणणाऱ्या कोणालाही हा दुवा मोलाचा वाटेल. चेतापेशींना जगवणारी बीडीएनएफ आणि बीसीएल-2 ही प्रथिने लिथियममुळे वाढतात, असेही उंदीरवर्गीय प्राण्यांत दिसले आहे.

इथे पहिला रास्त आक्षेप येतो. बेडूक आणि उंदीर यांना बायपोलर विकार होत नाही, मग त्यांच्या पेशींवरून माणसाच्या मनाविषयी काय सांगणार? आक्षेप खरा आहे आणि बराच काळ त्याला उत्तर नव्हते, कारण जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून त्यातली जनुके तपासता येत नाहीत. 2015 साली अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी वेगळी वाट काढली. त्यांनी बायपोलरच्या सहा रुग्णांच्या आणि चार निरोगी माणसांच्या त्वचेच्या पेशी घेतल्या, त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेले आणि त्यांपासून मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्यासारख्या चेतापेशी वाढवल्या. रुग्णांच्या चेतापेशी अति उत्तेजित होत्या, थोड्या चेतावणीने जास्त वेळा पेटत होत्या. त्यांच्यातल्या, ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाशी निगडित जनुकांची क्रियाशीलताही बदललेली होती. मग त्या पेशींना लिथियम दिले. सहांपैकी तीन रुग्णांना प्रत्यक्ष आयुष्यात लिथियम लागू पडले होते आणि तिघांना पडले नव्हते. ज्यांना लागू पडले होते, त्यांच्याच पेशींची उत्तेजना शांत झाली. हा अभ्यास लहान आहे हे मान्य. पण औषधाने माणसाला आलेला गुण आणि काचेच्या बशीतल्या त्याच माणसाच्या पेशींत आलेला गुण एकमेकांशी जुळणे, ही मानसोपचारात फार दुर्मीळ गोष्ट आहे. उलट बाजूने सावधही राहायला हवे. लिथियम घेणाऱ्यांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे आकारमान चार आठवड्यांत वाढलेले दिसले, असा निष्कर्ष 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. लिथियममुळे एमआरआयच्या संकेतातच फरक पडत असेल, वाढ खरी नसेल, अशी शंका नंतरच्या संशोधनाने उभी केली. म्हणून त्या पुराव्यावर मी भार टाकणार नाही.

दुसऱ्या समजाला, म्हणजे बरे वाटले की गोळी सोडण्याला, उत्तर द्यायला प्रयोगशाळेच्याही आधी जावे लागते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात जॉन केड यांनी लिथियम उन्मादाच्या दहा रुग्णांना देऊन पाहिले आणि 1949 साली निष्कर्ष छापले. डेन्मार्कमध्ये मॉगेन्स शौ आणि पाउल बॉस्ट्रुप यांनी पुढे दाखवले, की लिथियम झटके रोखूनही धरते. लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड या डॉक्टरांना ते पटले नाही. 1968 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हा उपचार म्हणजे आणखी एक दंतकथा तर नव्हे ना, असा जाहीर प्रश्न केला. त्याला उत्तर म्हणून शौ आणि बॉस्ट्रुप यांनी जी चाचणी केली, ती मला आजही या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटते. लिथियमवर स्थिर असलेल्या 84 रुग्णांपैकी 45 जणींची गोळी चालू ठेवली, 39 जणींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते हे रुग्णांना ठाऊक नव्हते. पाच महिन्यांत औषधाविना असलेल्यांपैकी 21 जणींना आजार उलटला. लिथियम चालू असलेल्यांत एकीलाही नाही. औषध पेशीच्या कामाला रोजच्या रोज वळण देते असे मानले, तर ते काढल्यावर वळण सुटणार हे ओघानेच येते. 1991 साली 14 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा लिथियम थांबवल्यावर आलेल्या नव्या झटक्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या दहा आठवड्यांतच आल्याचे दिसले. गोळी एकदम तोडण्यापेक्षा काही आठवड्यांत मात्रा उतरवत नेली तर धोका कमी होतो, हेही नंतर दिसून आले. मात्रा अशी टप्प्याटप्प्याने उतरवल्यावर धोका कमी होणे हे संथपणे वळलेल्या पेशीच्या कल्पनेशी जुळते. तेव्हा ‘आता बरा आहे, कशाला आयुष्यभर गोळ्या’ असे प्रेमापोटी म्हणणाऱ्या आईवडिलांना हे आकडे कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजेत.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा, की आयुष्यभर घ्यायला सांगता ते औषध विषारी आहे. आहेच. 1949 साली अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले गेले आणि त्यातून मृत्यू झाल्यावर ते बाजारातून काढावे लागले. खुद्द केड यांचा पहिला रुग्ण पुढे लिथियमच्या विषबाधेने गेला. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर असावी लागते आणि 1.5 च्या वर विषबाधेची हद्द सुरू होते. इतकी अरुंद पट्टी फार थोड्या औषधांची असते. वर्षानुवर्षांच्या वापराने मूत्रपिंडावर ताण येतो, थायरॉइड मंदावते. पण हे धोके ओळखीचे आहेत, मोजता येतात आणि बहुतेक वेळा टाळता येतात. शरीरातले मीठ किंवा पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही राखून ठेवते, आणि तीच मात्रा जास्त ठरते. म्हणून विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, ऊन-पावसातली लांबची पायी वारी, या सगळ्यांत लिथियम घेणाऱ्याने पाणी आणि मीठ सांभाळायचे असते. रक्तदाबासाठी एकाएकी मीठ तोडणे किंवा लघवीवाटे पाणी काढणारी थायझाइडची गोळी सुरू करणे धोक्याचे आहे. अंग दुखते म्हणून मेडिकलमधून डॉक्टरला न विचारता आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही पातळी चढवते. हात जास्त थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, उलट्या-जुलाब लागले, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठायचा. एवढे सांगायला दहा मिनिटे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दहा मिनिटे मिळत नाहीत, आणि माझ्या मते लिथियमच्या बदनामीचे मोठे कारण हे आहे.

गरोदरपणाचा मुद्दा याच भीतीत मिसळतो. पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष राहण्याची शक्यता लिथियममुळे वाढते हे खरे आहे. अमेरिकेत 13 लाखांहून अधिक गर्भधारणांच्या नोंदी तपासलेल्या 2017 सालच्या अभ्यासात लिथियम घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात 2.4 आणि न घेतलेल्यांत 1.15 निघाले, आणि मात्रा वाढली तसा धोका वाढला. पण लिथियमला घाबरून तरुण स्त्रीला व्हॅलप्रोएट हे बायपोलरवरचे दुसरे औषध दिले जात असेल, तर ते आगीतून फुफाट्यात जाणे आहे. व्हॅलप्रोएटने बाळात व्यंग राहण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास आहे, आणि पुढे मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो तो वेगळा.

आणखी एक आक्षेप संशोधनाच्या आतून येतो, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. लिथियम पूर्ण लागू पडते ते साधारण तीनांतल्या एका रुग्णाला; काहींना अर्धवट, काहींना अजिबात नाही. जनुकांच्या कामावर त्याचा एवढा खोल परिणाम असेल तर सर्वांवर का नाही? याचे उत्तर अजून अपुरे आहे, पण दिशा दिसते. बायपोलर हे एकच नाव असलेले अनेक आजार असण्याची शक्यता आहे, आणि सॉल्कच्या प्रयोगात दोन गटांच्या पेशी वेगळ्या वागल्या त्या कदाचित याच कारणाने. अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून 2,563 रुग्णांची जनुकीय पाहणी केली. 2016 साली छापलेल्या त्या पाहणीत लिथियमच्या प्रतिसादाशी जोडलेली जागा 21 व्या गुणसूत्रावर सापडली. गंमत नव्हे, अर्थपूर्ण गोष्ट अशी, की तिथली जनुके प्रथिन बनवतच नाहीत. ती लांब आरएनए बनवतात, आणि अशा आरएनएचे एक काम इतर जनुकांच्या क्रियाशीलतेचे नियमन हेच असते. बंगळूरमध्ये निम्हान्स आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांनी भारतीय कुटुंबांतील रुग्णांपासून पेशी तयार करून असे काम हाती घेतले आहे, आणि ते फार गरजेचे आहे, कारण आजवरची बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. तरीही या संशोधनाच्या नावाखाली ‘तुम्हाला कोणते औषध लागू पडेल ते लाळेवरून सांगतो’ असे म्हणणाऱ्या महागड्या चाचण्यांवर घरच्यांनी पैसे घालू नयेत. लिथियम कोणाला लागू पडेल हे खात्रीने सांगणारी जनुकीय चाचणी आज अस्तित्वात नाही. ते कळण्याचा मार्ग एकच आहे: योग्य पातळी राखून, पुरेसे महिने देऊन पाहणे.

आत्महत्येबाबतचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडायला हवा. 2013 साली 48 चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘बीएमजे’मध्ये आला आणि लिथियममुळे आत्महत्या ठळकपणे घटतात असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर अमेरिकेत 519 माजी सैनिकांवर झालेली चाचणी फरक दिसत नसल्याने मध्येच थांबवावी लागली. लिथियमचे टीकाकार या दुसऱ्या चाचणीकडे बोट दाखवतात. पण तिच्यातल्या बहुसंख्य सहभागींना नैराश्याचा विकार होता, बायपोलर थोड्यांनाच होता, आणि अनेकांच्या रक्तात लिथियमची पातळी ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पोचलीच नाही. बायपोलरच्या रुग्णांसाठी मी जास्त वजन फिनलंडच्या नोंदींना देईन. तिथे 18 हजारांवर रुग्णांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचा धोका सर्वांत कमी करणाऱ्या औषधांत लिथियम होते. 2010 सालच्या 330 रुग्णांच्या चाचणीतही झटके रोखण्यात एकट्या लिथियमने एकट्या व्हॅलप्रोएटवर मात केली. आणि हे औषध काही रुपयांत मिळते. त्यावर कोणाचे पेटंट नाही, म्हणून त्याची भलामण करत दवाखान्यांत फिरणारा प्रतिनिधीही नाही.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात बायपोलरच्या 70 टक्के रुग्णांना उपचार मिळतच नाहीत. जे उपचारापर्यंत पोचतात, त्यांच्यापैकी मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्यांची अडचण गोळीची कमी आणि रक्ततपासणीची जास्त आहे. लिथियम देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन त्यातली पातळी त्याच दिवशी कळेल, अशी सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते. नमुना शहरात पाठवायचा आणि अहवालाची वाट पाहायची. विषबाधेची शंका असताना एवढा वेळ नसतो. म्हणून डॉक्टर कचरतात आणि तपासणी न लागणारे दुसरे औषध लिहून देतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांबरोबरच राज्याने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लिथियमची पातळी, क्रिएटिनिन आणि थायरॉइड या तीन तपासण्या मोफत आणि त्याच दिवशी करून द्याव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील परिचारिकेला रुग्णाच्या तारखांची नोंद ठेवण्याचे काम द्यावे: गोळी सुरू करताना आणि मात्रा बदलल्यावर दर आठवड्याला, पातळी स्थिरावली की तीन ते सहा महिन्यांनी. रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाला आणखी एक गोष्ट शिकवावी लागेल. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेले असते. त्या नळीत नमुना घेतला तर पातळी खोटीच चढलेली दिसते, आणि चांगले लागू पडलेले औषध त्या एका अहवालापायी बंद होते.